इनामगाव : हजरत दाऊद (अ.स.) यांच्या काळातलं गाव

इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) हे घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगीन गाव, काळ अंदाजे इ.स.पू. १६०० ते ७००. हजरत दाऊद (अ.स.) यांचा काळ अभ्यासक इ.स.पू. १००० च्या आसपास धरतात. म्हणजे तेव्हा हे गाव नांदतं होतं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून इथे उत्खनन केलं; अहवालकारांत झेड. डी. अन्सारीही आहेत. घरं, धान्य, पाण्याचा पाट सापडला. पण लिखाण नाही, म्हणून एकाही माणसाचं नाव कळत नाही. जॉर्डनमध्ये १८६८ साली मिळालेल्या शिलालेखात मात्र बायबलमधल्या मेशा राजाचं नाव आहे. उत्खननाने ईमान सिद्ध होत नाही. त्या काळचं जगणं कळतं. चाकणकडे पाया खोदताना जुनी खापरं निघाली, तर फेकू नका. पुरातत्त्व खात्याला कळवा.