तेलविहिरी आणि रीस यांचा सिद्धांत

१९९० च्या जुलै महिन्यात इराकने कुवेतवर आरोप केला, की सरहद्दीखाली पसरलेल्या रुमैला तेलक्षेत्रातून कुवेतने आमच्या वाट्याचे तेल उपसले. कुवेतने तो नाकारला. २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. युद्धाची कारणे अनेक होती. परंतु जमिनीखालून कोणी किती उपसले हे ओळखावे कसे, या प्रश्नामागे गणिताची एक जुनी शाखा उभी आहे. तिचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडतो.

तेलाचा थर एकसारखा आहे आणि त्यातील दाब स्थिरावला आहे असे समजू. जेथे विहीर नाही तेथे कोणतेही वर्तुळ काढा. मध्यबिंदूवरील दाब परिघावरील दाबांच्या सरासरीएवढाच भरतो. अशा फलनास हार्मोनिक म्हणतात. वर्तुळाच्या आत उपसा करणारी विहीर आली, की मध्यबिंदूवरील दाब त्या सरासरीहून कमी भरतो. हे झाले सबहार्मोनिक फलन.

या फलनांना शास्त्रशुद्ध बैठक दिली ती हंगेरीतील ज्यू गणिती फ्रिजेश रीस (१८८०-१९५६) यांनी. पहिल्या महायुद्धानंतर कोलोझ्वार शहर रुमानियाकडे गेले आणि त्यांच्या विद्यापीठाला सेगेद येथे बिऱ्हाड हलवावे लागले. १९२० च्या कायद्याने ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठप्रवेशावर मर्यादाही घातली होती. अशा दिवसांत रीस यांचे दोन निबंध १९२६ व १९३० साली प्रसिद्ध झाले. त्यांचे सार असे: सबहार्मोनिक फलन संपूर्ण हाती असेल, तर त्यामागचे वस्तुमान कोठे व किती, हे निश्चित होते. आपल्या उदाहरणात हे वस्तुमान म्हणजे विहिरींचा उपसा. रीस यांचे शिष्य टिबोर राडो यांनी १९३७ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

पुढे हा विषय आपल्या मुंबईतही आला. फ्रेंच गणिती मार्सेल ब्रेलो यांची टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व्याख्याने १९६० साली छापली गेली. टिपणे गौरीशंकरन आणि वेंकटेश मूर्ती यांनी घेतली होती. ब्रेलो यांनी वर्तुळ व सरासरी यांना चिकटून न राहता मोजक्या गृहीतकांवर हा सिद्धांत उभारला. हाइन्झ बाउअर यांच्या १९६६ च्या ग्रंथातील चौकटीत उष्णतेचे समीकरणही बसते. नवी विहीर सुरू झाल्यावर दाब दिवसागणिक बदलतो, तो याच जातीच्या समीकरणाने.

मात्र रीस यांच्या सिद्धांताला संपूर्ण थरातील दाब ठाऊक हवा. नुसता दूरचा दाब मोजला तर फसगत होते. मध्यभागी एकच विहीर असो, किंवा तिच्याभोवतीच्या वर्तुळावर तेवढाच उपसा सारखा वाटलेला असो, बाहेरून दाब अगदी एकच दिसतो. वस्तुमान असे झाडून सीमेवर नेण्याची रीत पॉइन्कारे यांनी १८९० सालीच दाखविली होती. म्हणून सरहद्दीच्या एकाच बाजूच्या मोजणीवरून पलीकडचा उपसा नेमका कोठून झाला, हे गणितही सांगू शकत नाही. त्यासाठी दोन्हीकडच्या विहिरींच्या नोंदी एकाच टेबलावर याव्या लागतात.