पद्मिनीचा पत्रा

जुनी प्रीमियर पद्मिनी बघायला गेलो की मी आधी विचारतो, गाडी मुंबईत वाढली की इकडे? जयपूरच्या सोडाल्यात राहून ही सवय लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. तिला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तो तळातून सडतो. म्हणून रंगाला भुलू नये. पायाखालची मॅट उचलावी, दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावं. आवाज बद्द आला तर आत गंज आहे किंवा वरून लांबी भरली आहे.

राजस्थानच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, रबर मात्र तडकतं. मे महिन्यात इंजिनालगतच्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अजमेर रोडवर थांबते; पंपावर ओलं फडकं टाकलं की पुन्हा चालते. स्टिअरिंगजवळचा गिअरदांडा ढिला असेल तर बुश झिजलेत, ते बदलता येतात.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करूनच वाढवून मिळते. तळ सडलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.