गाळात रुतलेले बंदर

अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावर, समुद्रापासून सुमारे २४ किलोमीटर आत वसलेले राजापूर आज रत्नागिरी जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव आहे. एके काळी हे कोकणातील नामांकित बंदर होते, हे मात्र नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते.

या बंदराचे वैभव दोन वाटांवर उभे होते. अणस्कुरा घाटाने बैलांच्या पाठीवरून देशावरचा माल खाली उतरे; आणि जैतापूरच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते वर येत. घाट आणि खाडी यांची जेथे गाठ पडे, तेथे पेठ भरली. मिरी व कापड यांच्या ओढीने इंग्रजांनी १६४९ मध्ये येथे वखार घातली. पुढे फ्रेंचही आले. येथील विणकरांचा राजापुरी पंचा तर घरोघरी पोहोचला.

१६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात येथील इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. तराजू धरणाऱ्या हातांनी तोफेला बत्ती दिली, त्याचे फळ त्यांना लवकरच मिळाले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून वखार लुटली. हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैद झाले. अखेरच्या कैद्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या वाटाघाटींतही या नुकसानभरपाईचा विषय होताच.

तथापि राजापूर लुटीने बुडाले नाही. पुढे आंग्रे आले, पेशवे आले, १८१८ मध्ये इंग्रजांचे राज्य आले; पेठ चालूच राहिली. तिला हरवले ते गाळाने. डोंगरउतारांवरील झाडे तुटली की उघडी पडलेली माती पावसाबरोबर नदीत उतरते. पावसाळ्यामागून पावसाळे पात्र उथळ होत गेले आणि मोठी गलबते खालीच थांबू लागली. पुढे मालाने सडकेची वाट धरली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली, पण राजापूर रोड स्थानकही शहरापासून दूरच राहिले.

ज्या नदीने गावात संपत्ती आणली, तीच आता पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी आणते. अलीकडच्या वर्षांत लोकसहभागातून पात्रातील गाळ उपसण्याचे काम झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु डोंगर उघडे राहिले तर उपसलेला गाळ पुन्हा येणारच. शत्रूची स्वारी इतिहासात नोंदली जाते. आपल्याच डोंगरावरून मूठमूठ उतरणाऱ्या मातीची नोंद कोणी ठेवत नाही. राजापूरचे बंदर मात्र तिनेच बुजवले.