सूचना कोणाची चालावी? : गिटच्या कॉन्फिगरेशन फाइलींचा इतिहास

सॉफ्टवेअरचा इतिहास लिहिणारे प्रोग्रॅमकडे पाहतात. त्या प्रोग्रॅमला सूचना देणाऱ्या चार-दोन ओळींच्या कॉन्फिगरेशन फाइलींकडे सहसा कोणी वळत नाही. मला मात्र या फाइलींत सत्तेचा एक जुना प्रश्न दिसतो : सूचना कोणाची चालावी, सामायिक दप्तराची की ज्याच्या संगणकावर काम चालले आहे त्याची?

एकाच प्रोग्रॅमवर अनेक जण काम करू लागले, की कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवावी लागते. ती ठेवणारी यंत्रणा म्हणजे व्हर्जन कंट्रोल. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या एससीसीएसपासून ही परंपरा मोजतात. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये डिक ग्रून यांना दोन विद्यार्थ्यांसह एका कंपायलरवर काम करायचे होते आणि तिघांच्या वेळा काही जुळत नव्हत्या. त्या अडचणीतून १९८६ मध्ये सीव्हीएस जन्माला आले.

सीव्हीएसचे दप्तर मध्यवर्ती होते. त्यातच ‘सीव्हीएसरूट’ नावाची एक डिरेक्टरी असे आणि तिच्यात व्यवस्थेच्या फाइली. नवा बदल नोंदवण्याआधी कोणती तपासणी करायची, नोंदवल्यावर कोणाला कळवायचे, हे तिथे ठरे. या फाइलींतले बदलही त्याच दप्तरात नोंदले जात, म्हणजे नियम कधी बदलला याचाही पुरावा राही. मला ही रचना फार सुरेख वाटते. पण तिची दुसरी बाजू अशी, की जो या फाइलींत लिहू शकतो तो सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवू शकतो.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले आणि मध्यवर्ती दप्तराची सक्ती संपली. प्रत्येकाकडे संपूर्ण दप्तराची नक्कल आली. मग नकलेबरोबर कोणत्या सूचना जाव्यात? गिटने सूचनांची विभागणीच केली. कोणत्या फाइली नोंदीत घेऊ नयेत हे सांगणारी ‘डॉट गिटइग्नोर’ सगळ्यांबरोबर प्रवास करते. ‘डॉट गिट’ या डिरेक्टरीतली ‘कॉन्फिग’ फाइल मात्र नक्कल करताना कधीच जात नाही. घेणाऱ्याच्या संगणकावर ती नव्याने तयार होते. हा संकोच सकारण आहे. या फाइलीत नुसती नावे-पत्ते नसतात. मजकूर कोणत्या प्रोग्रॅमने दाखवायचा, दूरच्या संगणकाशी कोणत्या आज्ञेने जोडायचे, हेही तीच सांगते. दुसऱ्याची कॉन्फिग फाइल स्वीकारणे म्हणजे त्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर चालू देणे.

हे कुंपण डिसेंबर २०१४ मध्ये एका विचित्र फटीतून ओलांडता येते असे उघड झाले. ‘डॉट गिट’ नावाची कोणतीही गोष्ट दप्तरात घ्यायला गिट नकार देई. पण ती तपासणी लहान लिपीतल्या रोमन अक्षरांपुरती होती. (देवनागरीला हा लहान-मोठ्या अक्षरांचा घोर नाही.) तेच नाव मोठ्या अक्षरांत लिहिले तर गिटला ते वेगळे वाटे. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेला मात्र दोन्ही नावे एकच. त्यामुळे दुष्ट हेतूने रचलेले दप्तर उतरवून घेताच त्यातली फाइल घरच्या कॉन्फिगवर बसू शके. मर्क्युरियल या प्रतिस्पर्धी यंत्रणेच्या लोकांना हा दोष आधी स्वतःच्या घरात सापडला आणि त्यांनी गिटकडेही कळवले. या क्षेत्रातला हा शेजारधर्म नोंदण्याजोगा आहे.

एप्रिल २०२२ मधला दोष आणखी साधा होता. गिट आपले दप्तर शोधताना एकेक डिरेक्टरी वर चढत जाते. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर वरच्या डिरेक्टरीत दुसऱ्याच कोणी ‘डॉट गिट’ मांडून ठेवले असेल, तर त्यातली कॉन्फिग फाइल निमूटपणे वाचली जाई. २.३५.२ या आवृत्तीपासून गिट आधी डिरेक्टरीचा मालक कोण हे पाहू लागले. मालक परका निघाला तर काम थांबते. पुढे जायचे असल्यास ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या सूचनेत त्या डिरेक्टरीचे नाव लिहावे लागते. ही सूचना खुद्द त्या दप्तराच्या कॉन्फिग फाइलीत लिहिली तर गिट तिच्याकडे लक्ष देत नाही; वापरणाऱ्याने ती आपल्या स्वतःच्या फाइलीत लिहावी लागते. तिथे नावाऐवजी नुसती एक फुली, म्हणजे तारांकन, टाकली की सगळ्याच डिरेक्टरी विश्वासू ठरतात आणि मालकाची ही तपासणी बंद होते.