आमचे सण, आमचीं गाणीं व आमची भूमि

ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य बहुधा मंदिराच्या भिंतींपासून आरंभ करतो. पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु होऊन गेले, हें तो क्रमानें नमूद करतो. तसें करणें योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर त्या घंटेचा नाद पसरला, ज्या विहिरीच्या पाण्यानें चुना कालवला गेला व ज्या शेतांतील पहिल्या लोंब्या वेदीपुढें आल्या, त्या भूमीचा इतिहासहि धर्मग्रामाच्याच इतिहासाचा भाग होय. तिच्याकडे पाहण्याची दृष्टि आमच्या पूर्वजांस कोठून मिळाली, आणि ती आज आम्हांजवळ कितपत उरली आहे, हा प्रश्न आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, ज्या वस्तूस समाज नांव देतो, जिचें गाणें गातो व जिच्यावर आशीर्वाद मागतो, तिला तो आपली मानतो. आणि जी आपली मानली, तिच्याच रक्षणास तो उठतो.

याचा एक मोठा पुरावा ग्रंथांत सांपडतो. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं येथेंच त्यांनीं देह ठेविला. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. या ग्रंथांत मराठीची थोरवी वर्णितांना कवीनें आपल्या मायदेशाच्या उपमा आणिल्या नाहींत. रत्नांतील तेजस्वी हिरा, फुलांतील मोगरा, सुवासांतील कस्तुरी, पांखरांतील मोर अशा या देशांतील माणसांच्या ओळखीच्या वस्तूंनींच त्यानें आमच्या भाषेचा गौरव केला. येथें एक गोष्ट इतिहासकारानें लपवूं नये. त्याच शतकांत, १५६७ सालीं, सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. आणि त्यांच्या भोंवतालच्या वृक्षांशीं व तळ्यांशीं लोकांचें जें जुनें नातें होतें, तेंहि त्याबरोबर दुखावलें असलें पाहिजे. अशा वेळीं ओवी ऐकणाऱ्या नव्या ख्रिस्ती माणसास या कवीनें एक आधार दिला. परसांतील मोगरा धर्माच्या कुंपणाबाहेर टाकलेला नाहीं, हें त्यास आपल्याच छंदांत ऐकावयास मिळालें.

जें ओवींत, तेंच बांधकामांत. जुनें गोवें येथील बॉम जेझूस मंदिराचा आरंभ १५९४ सालीं झाला व १६०५ सालीं त्याचा अभिषेक झाला. त्याच्या दर्शनी भागावरील काळा दगड दूर वसईकडून समुद्रमार्गें नेलेला आहे. बाकीची भिंत गोव्याच्या जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पावसानें झिजणारा. म्हणून जुन्या कारागिरांनीं त्यावर चुन्याचा गिलावा दिला होता. १९५० च्या दशकांत तो काढून टाकण्यांत आला, आणि तेव्हांपासून उघड्या दगडावर दर पावसाळा आपला घाव घालीत आहे. उघडा दगड अनेकांच्या डोळ्यांस अधिक प्राचीन वाटतो. पण गिलावा देणारास कोंकणचा पाऊस ठाऊक होता. कारागिरी म्हणजे हवापाण्याचें पिढ्यान्पिढ्या सांठविलेलें ज्ञान असतें, व तें विसरल्याची किंमत भिंतीसहि द्यावी लागते.

हा दगड ज्या वसईहून गेला, तिकडे आतां वळूं. वसईचा मुलूख १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे आला व १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं तो जिंकून घेतला. राज्य बदललें, तरी ख्रिस्ती श्रद्धा व बागायत हीं दोन्ही टिकून राहिलीं. केळीच्या बागा, नागवेलीचे मळे, भाजी व फुलें यांनीं भरलेल्या वाड्या ही या किनाऱ्याची ओळख झाली. त्या वाड्यांचा प्राण बावखलांत होता. पावसाचें पाणी या तळ्यांत सांठे व हळूहळू जमिनींत मुरे. समुद्रालगतच्या भूमींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखें राहतें. तें बेताबेतानेंच उपसलें, तर खारें वर येत नाहीं. बैलाच्या चालीनें फिरणारा रहाट नेमकें तेवढेंच पाणी काढी. ही मर्यादा कोणा सरकारी पत्रकानें घातलेली नव्हती. ती अवजारांतच होती आणि शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती.

जें हात जाणत होते, तेंच सण शिकवीत होते. वसई, साष्टी व मुंबई या भागांतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांत ऑक्टोबरच्या आरंभीं ‘आगेरा’ साजरा होतो. हा शब्द शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असें सांगतात. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीनें मंदिरांत नेऊन त्यांवर आशीर्वाद मागावयाचा, आणि मग नवें अन्न घरीं न्यावयाचें. ईस्ट इंडियन कुटुंबांत लग्नापूर्वीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याची चाल आहे. तिला ‘उंबराचें पाणी’ म्हणतात. जेथें उंबर, तेथें पाणी जवळ, ही आपल्या देशांतील जुनी समजूत त्या नांवांत जपली गेली आहे. नव्या संसाराचा आरंभ विहिरीच्या काठीं करावा, यांत त्या विहिरीविषयींची कृतज्ञता नाहीं, असें कोण म्हणेल?

नाताळची गव्हाण घ्या. तिची प्रथा लोकप्रिय करण्याचें श्रेय असिसीच्या संत फ्रान्सिस यांस दिलें जातें. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो या गांवीं त्यांनीं खरें गवत, खरा बैल व खरें गाढव आणून प्रभुजन्माचा देखावा उभा केला. पुढें त्यांनीं सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांस बंधु व भगिनी म्हणून संबोधणारें स्तोत्र आपल्या प्रांताच्या बोलींत रचलें. शतकें लोटलीं. १९७९ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं या संतास पर्यावरणाच्या अभ्यासकांचा व सेवकांचा आश्रयदाता म्हणून जाहीर केलें. आणि २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं पृथ्वीच्या रक्षणाविषयीं जें परिपत्र काढलें, त्याचें ‘लाउदातो सी’ हें नांवहि त्याच स्तोत्रांतून घेतलें. आधीं गीत झालें. परिपत्र जवळजवळ आठशें वर्षांनीं आलें. आमच्या घरांतील मुलें गव्हाणीसाठीं परळांत नाचणी किंवा भात रुजवितात, तेव्हां तींहि त्याच शाळेंत शिकत असतात.

या सर्वांची कसोटी आमच्याच काळांत लागली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वसई व विरार या पट्ट्यांत इमारती झपाट्यानें उभ्या राहूं लागल्या. विहिरींतील गोडें पाणी टँकर भरभरून विक्रीस जाऊं लागलें. रहाटाची मर्यादा यंत्राच्या पंपास नव्हती. कित्येक विहिरींचें पाणी खारट झालें व वाड्या सुकूं लागल्या. तेव्हां ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली आणि तिच्या अग्रभागीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. त्यांचा जन्म १९४२ सालचा, वसईच्या मातींतला. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनीं ‘सुवार्ता’ मासिकाचें संपादन केलें. २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते निवर्तले. एक धर्मगुरु व लेखक पाण्याच्या प्रश्नावर रस्त्यावर कां उतरला, याचें पुष्कळांस नवल वाटलें. आम्हांस तें वाटत नाहीं. ज्यानें आपल्या लेखणीनें वाडी, विहीर व केळ यांस मराठी साहित्यांत मानाचें स्थान दिलें, त्यास त्यांचा लिलांव मुकाट्यानें पाहणें शक्य नव्हतें. आणि लोक, ख्रिस्ती व हिंदु दोन्ही, त्यांच्या हांकेस कां धांवले? कारण जें जात होतें, त्याचें नांव प्रत्येकाच्या ओठीं होतें.

तथापि आम्ही स्वतःची फसवणूक करूं नये. चळवळीनें सर्व कांहीं वाचलें नाहीं. अनेक वाड्या गेल्या, अनेक बावखलें बुजलीं. मुंबईच्या कित्येक गांवठाणांभोंवतीं भाताचें एकहि खाचर राहिलेलें नाहीं. तेथें आगेऱ्याच्या लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. असा सण निरर्थक आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं; त्यानें निदान आठवण तरी राखली आहे. पण शेत नसलेल्या आगेऱ्यानें समाधान मानूं लागलों, तर सण हाच शेताच्या जागीं बसेल, आणि उरलेलें शेत विकतांना आमचा हात थरथरणार नाहीं. गाण्यानें भूमि आपोआप वांचत नाहीं. गाणें माणसास जागें ठेवतें. राखण माणसानेंच करावयाची असते.

शब्दांचेंहि तसेंच आहे. रहाट, पाट, वाफा, बावखल हे शब्द आमच्या आजोबांच्या बोलण्यांत रोज येत. नातवांस त्यांचा अर्थ सांगावा लागतो. ज्या तळ्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, तें बुजवितांना हरकत कोण घेणार?

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं आमची वाचकांस एक साधी विनंति आहे. धर्मगुरूंच्या व दात्यांच्या यादीशेजारीं आणखी एक यादी असावी: धर्मग्रामाच्या सीमेंतील विहिरी, बावखलें, जुने वृक्ष व शेतें यांचीं नांवें, आणि त्यांपैकीं कोणतीं आज शिल्लक आहेत. वडील मंडळींनीं सांगावें व मुलांनीं लिहून घ्यावें. लग्नांतील जुनीं गाणीं ज्या बायकांस येतात, त्यांच्या तोंडून तीं आतांच उतरून घ्यावीं. आणि आगेऱ्याच्या दिवशीं वेदीपुढें येणाऱ्या लोंब्यांत एक मूठ तरी आमच्याच मातींत उगवलेली असावी, मग ती मंदिराच्या आवारांतील एका वाफ्यांतली कां असेना. पुढील ज्युबिलीचा इतिहास लिहिणारास त्या यादींतील जितकीं नांवें जमिनीवर खरीं सांपडतील, तितकीच आमची राखण खरी होती, असें तो म्हणेल. ती खरी ठरविण्याची बुद्धि व बळ प्रभु आम्हां सर्वांस देवो.