हुकलेला प्रलय आणि त्यानंतरची माणसे

जगाच्या अंताची भाकिते फार प्राचीन काळापासून होत आली आहेत, आणि ती करणाऱ्यांविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. परंतु भाकिताचा दिवस इतर दिवसांसारखाच उगवला आणि मावळला, की इतिहासलेखकाची लेखणी बहुधा तेथेच थांबते. आणि ज्यांनी त्या भाकितावर विश्वास ठेवला, त्यांना विनोदी आख्यायिकांच्या स्वाधीन केले जाते. वस्तुतः अभ्यासाचा खरा विषय त्यानंतर सुरू होतो. ज्याने आपले शेत, आपली पत आणि शेजाऱ्यांमधील आपली अब्रू एका तारखेवर लावली, त्याने ती तारीख उलटल्यानंतर कसे जगावे? ह्या प्रश्नाला निरनिराळ्या माणसांनी दिलेली उत्तरे पाहावयाची, तर अमेरिकेतील मिलरपंथीयांचा वृत्तान्त फार उपयोगी पडतो. कारण त्यांनी आपल्या मागे वृत्तपत्रे, पत्रे आणि आत्मवृत्ते विपुल ठेवली आहेत.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथील शेतकरी. जन्म १७८२ चा. तरुणपणी त्याचा बायबलवर विश्वास नव्हता; ईश्वराने सृष्टी निर्माण केली, पण तो तिच्या व्यवहारात लक्ष घालीत नाही, असे मानणाऱ्या बुद्धिवाद्यांत तो मोडत असे. इंग्लंडशी १८१२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात तो कप्तान होता. १८१४ च्या प्लॅट्सबर्गच्या लढाईत संख्येने अधिक असलेल्या इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागली, हे पाहून त्याच्या मनात प्रथम शंका उत्पन्न झाली, की ईश्वर मनुष्याच्या व्यवहारापासून खरोखरच इतका दूर आहे काय? १८१६ मध्ये तो श्रद्धाळू ख्रिस्ती झाला. जुन्या मित्रांनी त्याची थट्टा केली, तेव्हा बायबलमधील प्रत्येक विसंगतीचा उलगडा करण्याच्या निश्चयाने त्याने दोन वर्षे तो ग्रंथ ओळीने वाचून काढला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. मिलर हा साक्षात्काराचा दावा करणारा पुरुष नव्हता. त्याचा सारा भरवसा वाचनावर आणि गणितावर होता.

ते गणित असे. दानिएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात २,३०० दिवसांनंतर पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असे वचन आहे. भविष्यकथनातील एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा संकेत मिलरच्या पूर्वीही अनेक प्रोटेस्टंट पंडितांनी मान्य केलेला होता. इराणी सम्राट अर्तहशश्त ह्याने इ. स. पूर्व ४५७ मध्ये जेरुसलेमविषयी काढलेल्या फर्मानापासून मिलरने मोजणीस आरंभ केला. २,३०० तून ४५७ वजा केले की १८४३ उरतात. ‘पवित्रस्थान’ म्हणजे ही पृथ्वी आणि तिची ‘शुद्धी’ म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरागमनसमयीचा अग्निप्रलय, असा त्याने अर्थ लावला. १८१८ मध्येच तो ह्या निष्कर्षास पोहोचला होता. परंतु त्यानंतर तेरा वर्षे त्याने आपले आकडे पुनःपुन्हा तपासले, आणि १८३१ मध्ये प्रथम जाहीर व्याख्यान दिले.

बोस्टनचा धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स त्याला १८३९ मध्ये भेटला नसता, तर हा विचार कदाचित खेड्यापाड्यांतच राहिला असता. हाइम्स हा गुलामगिरीविरोधी चळवळीत मुरलेला, छापखान्याचे सामर्थ्य ओळखणारा गृहस्थ होता. त्याने १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ आणि १८४२ मध्ये ‘मिडनाइट क्राय’ ही पत्रे काढली. भविष्यकाळाचे तक्ते छापले. हजारो श्रोते मावतील असा प्रचंड तंबू शिवून घेतला. काळही अनुकूल होता. १८३३ च्या नोव्हेंबरातील उल्कावर्षाव लोकांच्या स्मरणात ताजा होता, १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने अनेकांचे संसार उद्ध्वस्त केले होते, आणि १८४३ च्या आरंभी तर भर दिवसा दिसणारा धूमकेतू आकाशात उगवला. अनुयायांची संख्या सामान्यतः ५०,००० ते १,००,००० च्या दरम्यान धरली जाते.

मिलरने नेमका दिवस सांगण्याचे टाळले होते. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ ह्या अवधीत केव्हातरी, एवढेच त्याचे म्हणणे. तो अवधी सरला आणि पहिली निराशा पदरी आली. मग एक साधी गोष्ट पुढे आली : ख्रिस्तपूर्व १ नंतर एकदम इसवी सन १ येतो, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून पूर्ण २,३०० वर्षे १८४३ मध्ये न भरता १८४४ मध्ये भरतात. ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्झेटर येथील मेळाव्यात सॅम्युएल स्नो ह्या उपदेशकाने ज्यूंच्या सातव्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हाच तो दिवस असे प्रतिपादन केले. कराईट ज्यूंच्या पंचांगानुसार तो २२ ऑक्टोबर १८४४ रोजी येत होता. ही तारीख वणव्यासारखी पसरली. खुद्द मिलरने ती केवळ दोन आठवडे आधी, ऑक्टोबरच्या आरंभी मान्य केली. नेता अनुयायांच्या मागून गेला, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कित्येकांनी दुकाने बंद केली, कर्जे फेडली, ज्यांना दुखावले होते त्यांची क्षमा मागितली. शेतकऱ्यांनी उभी पिके काढली नाहीत. जग राहणार नसेल तर कणगी भरून ठेवणे हा आपल्याच श्रद्धेचा उपमर्द, अशी त्यांची भावना होती. २२ ऑक्टोबरचा दिवस गेला, मध्यरात्र उलटली, २३ ची सकाळ झाली. न्यूयॉर्क राज्यातील पोर्ट गिब्सनचा शेतकरी हायरम एडसन ह्याने पुढे लिहून ठेवले आहे, की आम्ही पहाट होईपर्यंत रडत राहिलो, आणि आप्तांच्या मृत्यूचे दुःखही ह्या दुःखापुढे थोडे वाटले. इतिहासात ह्या दिवसाला ‘महानिराशा’ असे नाव पडले.

शेजाऱ्यांचे वर्तन कसे होते? ‘अजून गेला नाहीत वाटते?’ हा प्रश्न रस्त्यात येता-जाता विचारला जाई. इथाका येथे त्यांचे सभास्थान जाळण्यात आले. आणि त्याहून दीर्घायुषी ठरली ती एक कथा : मिलरपंथीय शुभ्र झगे घालून टेकड्यांवर व छपरांवर चढून बसले होते. ही कथा वृत्तपत्रांनी पसरविली, व्याख्यात्यांनी रंगविली, आणि क्लॅरा एंडिकॉट सिअर्स ह्या लेखिकेने १९२४ मध्ये वृद्धांच्या आठवणी जमवून ती ग्रंथनिविष्ट केली. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल ह्यांनी समकालीन साधनांची छाननी करून तिला विश्वसनीय आधार नसल्याचे दाखविले. निकोल हे स्वतः त्या परंपरेतले, हे खरे. परंतु नंतरच्या इतिहासकारांनीही सामान्यतः तोच निष्कर्ष ग्राह्य मानला आहे. म्हणजे ज्यांनी पुराव्यावाचून विश्वास ठेवला म्हणून मिलरपंथीयांना हसले, त्यांनीही पुराव्यावाचूनच एका गोष्टीवर शंभर वर्षे विश्वास ठेवला.

आता त्या निराश माणसांकडे वळू. त्यांच्यापुढे चार वाटा फुटल्या.

पहिली वाट सोडून जाणाऱ्यांची. बहुसंख्य त्याच वाटेने गेले. कोणी जुन्या चर्चमध्ये परतले, कोणी धर्मच सोडला. त्यांनी फारसे लिहून ठेवले नाही, म्हणून इतिहासात ते दिसत नाहीत.

दुसरी वाट खुद्द मिलरची. गणितात चूक झाली, हे त्याने जाहीरपणे कबूल केले. आपल्या अर्थनिर्णयाचा पाया बरोबर होता, मानवी कालगणनेत कोठेतरी दोष असावा, आणि प्रभूचे आगमन जवळच आहे, ही श्रद्धा मात्र त्याने सोडली नाही. पण नवी तारीख त्याने पुन्हा दिली नाही. त्याच्या बाप्टिस्ट मंडळीने १८४५ मध्ये त्याला बाहेर काढले; त्याने आपल्या शेताजवळ १८४८ मध्ये लहानसे प्रार्थनामंदिर उभारले, ते अद्याप उभे आहे. २० डिसेंबर १८४९ रोजी तो वारला. हाइम्सही ह्याच मताचा. ज्या बांधवांनी सर्वस्व गमावले, त्यांच्या अन्नवस्त्राची सोय इतरांनी करावी, असे आवाहन त्याने निराशेनंतर लगेच केले. त्याच्या साऱ्या प्रचारकार्यात हे कृत्य मला अधिक मोलाचे वाटते.

तिसरी वाट अशी, की अपेक्षित घटना घडलेलीच आहे. शेकर पंथाची श्रद्धा होती, की ख्रिस्ताचे द्वितीय आगमन पूर्वीच आत्मिक रूपाने झाले आहे. ‘डे-स्टार’ पत्राचा संपादक एनॉक जेकब्स १८४६ मध्ये त्या पंथास मिळाला, आणि त्याच्यासारखे आणखीही काही गेले.

चौथी वाट सर्वांत लहान होती आणि तीच सर्वांत दूर गेली. एडसनच्या आत्मवृत्तानुसार, २३ ऑक्टोबरच्या सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला सुचले, की तारीख चुकली नाही, घटना ओळखण्यात चूक झाली. शुद्ध व्हावयाचे पवित्रस्थान पृथ्वीवर नसून स्वर्गात आहे, आणि ख्रिस्ताने त्या दिवशी तेथील परमपवित्र स्थानी प्रवेश केला. हे आत्मवृत्त त्याने बऱ्याच वर्षांनी लिहिले, तेव्हा त्या सकाळचे सर्व विचार तसेच आले असतील असे खात्रीने म्हणता येत नाही. पण १८४६ च्या आरंभी हा सिद्धान्त छापून आला होता. मेन राज्यातील पोर्टलंडची सतरा वर्षांची एलन हार्मन, पुढची एलन व्हाइट, हिला झालेली दर्शने आणि जोझेफ बेट्सने पुरस्कारलेला शनिवारचा शब्बाथ हे दोन प्रवाह त्यास येऊन मिळाले. मे १८६३ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे सुमारे ३,५०० सभासदांनिशी सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर संघटना झाली. आज त्या चर्चचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत. पुण्यात औंध रस्त्यावर स्पायसर ह्या नावाची जी शिक्षणसंस्था आहे, ती ह्याच चर्चची.

ह्या चार वाटांमधील भेद स्पष्ट आहे. मिलरने चूक मानली आणि आपले म्हणणे पुन्हा तपासता येईल असे ठेवले. एडसनने तारीख वाचविली, परंतु घटना अशा ठिकाणी नेली, की तेथे कोणा मनुष्याची दृष्टी पोहोचू नये. एकाचे मत पुन्हा खोटे ठरू शकत होते. दुसऱ्याचे कधीच ठरू शकत नव्हते. संस्था मात्र दुसऱ्याच्या मतावर उभी राहिली. ह्यात लबाडी पाहण्याचे कारण नाही. ज्याने सर्व गमावले, त्याला त्या दिवसाचा काहीतरी अर्थ हवा असतो, आणि ‘चूक झाली’ हा अर्थ पोटभर पुरत नाही.

१९५६ मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ह्याच विषयावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला; त्यात मिलरपंथीयांचाही विचार आहे. भाकित फसल्यावर श्रद्धावंत अधिक आवेशाने प्रचार करतात, असा त्यांचा सिद्धान्त. ज्या समकालीन गटाच्या निरीक्षणावर तो मुख्यतः आधारलेला होता, त्या निरीक्षणावर अलीकडे गंभीर आक्षेप घेण्यात आले आहेत. मिलरपंथीयांचा पुरावा मिश्र आहे. १८४४ च्या वसंतातील निराशेनंतर प्रचार वाढला, हे खरे. पण ऑक्टोबरनंतर बहुतेक गळाले. आणि जो गट टिकला, त्याची प्रथम अशी समजूत होती, की तारणाचे द्वार आता बंद झाले आहे. ही समजूत काही वर्षे टिकली. तोवर बाहेरच्यांना उपदेश करण्याचे प्रयोजनच नव्हते. मानवी मन एकाच सूत्रात सापडत नाही, एवढेच ह्यावरून म्हणावे.

आपल्या देशाचा एक अनुभव ह्याशेजारी ठेवला तर आणखी एक भेद दिसतो. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ ह्या दिवसांत मकर राशीत रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू एकत्र आले. ५ तारखेच्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहणही झाले. ह्या अष्टग्रहीमुळे महान अनर्थ ओढवणार, अशी भीती देशभर पसरली. ठिकठिकाणी यज्ञ, जप, पारायणे झाली. पंतप्रधान नेहरूंनी ह्या भीतीला हसून उडवून लावले. अनर्थ झाला नाही. तेव्हा यज्ञयागांमुळेच संकट टळले, असे अनेकांनी समाधान मानले. येथे महानिराशा झाली नाही, आणि नवा पंथही निघाला नाही. कारण उघड आहे. मिलरचा ईश्वरी निर्णय अटळ होता. आपल्या ग्रहफलाला शांतीची तोड मुळातच जोडलेली आहे. अनर्थ झाला तर भाकित खरे, न झाला तर शांती फलद्रूप. असे भाकित कधी फसतच नाही. म्हणून त्यापासून कोणी काही शिकतही नाही. मिलरपंथीयांना निदान २३ ऑक्टोबरची सकाळ पाहावी लागली.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग शिकविताना वर्गात हशा पिकतो, आणि तो पिकणे साहजिक आहे. परंतु हसून झाल्यावर दोन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले पाहिजेत. आपण जे मानतो ते कोणत्या दिवशी, कोणत्या घटनेने खोटे ठरेल, हे आपण सांगू शकतो काय? आणि ज्याचे खोटे ठरले, त्याला आपल्या आळीत सन्मानाने परत येता येईल अशी वाट आपण ठेवतो काय? चूक कबूल करणाऱ्या मिलरला त्याच्या मंडळीने दार बंद केले. अशी दारे बंद असली, की पराभूत मनुष्य आपल्यासारख्याच पराभूतांचा वेगळा गाव वसवितो, आणि मग आपण त्याच्या हट्टाचे आश्चर्य करीत बसतो.