दोरीचं टोक कुणाच्या हातात?

स्कूबा डायव्हर पाण्याखालून वर सोडतात तो नारिंगी, लांबुळका फुगा, म्हणजे मार्कर बोया, आणि त्याच्या दोऱ्याची रीळ ही अगदी अलीकडची साधनं समजली जातात. कापड आणि नायलॉनपुरतं ते खरंही आहे. पण या जोडीचं कूळ शोधायचं तर फुग्याकडे नव्हे, दोरीकडे पाहावं लागतं. मन्नारच्या आखातात मोती काढणारा पाणबुड्या दगडाच्या भाराने तळ गाठायचा आणि होडीतला जोडीदार त्याची दोरी सांभाळायचा. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीब यांनी तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख घडवला, तेव्हा हवेच्या नळीसोबत जीवदोरीही आली. ठरावीक हिसके म्हणजे ठरावीक निरोप. दोन्हीकडे दोरी वरच्याच्या ताब्यात. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांच्या ॲक्वालंगने हवा पाठीवर दिली आणि पाणबुड्याला या दोरीतून मोकळं केलं. बोया-रीळ म्हणजे तीच दोरी परत आली, पण आता तिचं टोक खालच्याच्या हातात आहे, असं माझं म्हणणं आहे.

ती परतली दोन वाटांनी. एक वाट तरंगणाऱ्या खुणेची. कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका श्वास रोखून बुडी मारतात. त्यांचा तेवाक, पूर्वी वाळवलेला भोपळा आणि आता थर्मोकोलचा गोळा, वर तरंगत जागा दाखवतो. ब्रिटनच्या गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात स्कूबावाले असाच बोया डुबकीभर ओढत नेऊ लागले. बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात मात्र तो दोरा हमखास अडकतो. म्हणून बोया गुंडाळून सोबत न्यायचा आणि वर येताना फुगवून सोडायचा, ही रीत आली. पण मग तेवढा दोरा खाली बाळगायचा कशावर? इथे दुसरी वाट मिळते, गुहांची. इंग्लंडच्या वुकी होल या गुहेत १९३५ पासून पाणबुडे उतरत होते. फ्लोरिडाचा गुहांमधला पाणबुड्या शेक एक्सली याने १९७९ च्या पुस्तकात गुहेबाहेरपर्यंत अखंड दोरा असलाच पाहिजे, हा नियम ठासून मांडला. तो दोरा रिळावरूनच सोडतात. रीळ मुळात गळाची, गुहेची कशी, असं कुणी विचारेल. आक्षेप मी अर्धा मानतो. ताण धरून ठेवणारा खटका गळाच्या रिळातून आला असेलही. पण एका हातात धरून, पोहता पोहता दोरा सोडत जायची उघडी चौकट गुहेतल्या कामासारखी आहे, आणि गुहेतल्या रिळांना बहुधा खटका नसतो, स्क्रू असतो. गुहेत दोऱ्याला वरून ओढणारं काही नसतं.

बोया मात्र ओढतो, आणि जोरात. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथे भरलेली एक लिटर हवा वर पोचेपर्यंत तीन लिटर होते. जादा हवा सोडणारी झडप बोयाला असते ती याचसाठी. रीळ अडकली तर बोया पाणबुड्यालाच वर खेचतो, आणि वेगाने वर येण्यात फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. म्हणून शिकवतात की रीळ अंगाला अडकवायची नाही आणि अडली तर सोडून द्यायची. पुष्कळजण यासाठीच रिळापेक्षा साधी फिरकी पसंत करतात. पतंगाच्या फिरकीसारखीच ती, फक्त भोकात बोट घालून धरायची. अडकायला तिच्यात खटका नाही की मूठ नाही. सीबच्या पाणबुड्याला ही सोडून देण्याची मुभा कधीच नव्हती. माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आल्यावर दोरा कशाला, हा आक्षेप मात्र टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार खोल जात नाहीत. ती यंत्रं डोकं पाण्याबाहेर आल्यावरच कामाची. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलेला माणूस प्रवाहाबरोबर वाहत असतो आणि वरून कुणाच्या तरी बोटीचा पंखा जात असतो. तिथे तांडेलाच्या नजरेला दिसेल तेच उपयोगी. काही ठिकाणी तर रंगही बोलतो: नारिंगी म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे अडचण आहे, मदत पाठवा. संकेत सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे उतरण्याआधी तो होडीवाल्याशी ठरवून घ्यावा लागतो. मालवणला नांगरलेल्या होडीखाली उतरणाऱ्याला बोयावाचून चालतं, असंही म्हटलं जाईल. चालतं, कारण त्याच्याजवळ नांगराचा दोर असतो.